थाप मारली की काच चालते, चार दिवसांनी पुन्हा अडकते: पॉवर विंडोच्या मोटरचं नेमकं दुखणं शोधताना

काच खाली गेली आणि वर येईना. बटण दाबलं तर आवाज नाही, हालचाल नाही. दाराच्या आतल्या बाजूने, बाटली ठेवायच्या खिशाच्या जरा वर, मुठीने दोन थापा मारल्या की काहीच झालं नव्हतं अशी काच सरसर वर. माझ्या गाडीच्या मागच्या डाव्या दाराने हा त्रास मला दीडएक वर्ष दिला. पहिल्यांदा मोटर बदलली, सुटलो असं वाटलं. सात-आठ महिन्यांत नव्या मोटरनेही तेच सुरू केलं. दुसऱ्यांदा दार उघडून मोटर बाहेर काढली आणि उलटी धरली, तर आतून गंजाचं तांबूस पाणी गळलं. मग दाराच्या तळाशी हात घातला. चिखल, सुकलेली पानं आणि त्याखाली पूर्ण बुजलेली पाणी निघायची भोकं. पहिल्या वेळी मी मेलेली मोटर बदलली होती, पण तिला मारणारं कारण दारात तसंच ठेवून वरून पॅनल लावून टाकलं होतं.

मोटर बदलणं हे घरी, शांतपणे, दोन-तीन तासांत होण्यासारखं काम आहे. पण नवी मोटर आणण्याआधी दोन गोष्टी पक्क्या कळायला हव्यात: दोष खरोखर मोटरमध्ये आहे का, आणि असेल तर तो आला कशामुळे. पहिल्या प्रश्नात चूक झाली तर चांगली मोटर फुकट बदलली जाते. दुसरा प्रश्न सोडून दिला तर माझ्यासारखं होतं.

दाराच्या आत काय चालतं

साध्या पॉवर विंडोच्या मोटरला दोनच वायरी असतात. एकीला प्लस आणि दुसरीला अर्थ मिळाली की काच वर, उलट केलं की खाली. ही अदलाबदल स्विच करतो. बटणाला कुणी हात लावलेला नसतो तेव्हा बहुतेक गाड्यांत मोटरच्या दोन्ही वायरी स्विचमधून अर्थलाच जोडलेल्या असतात. टेस्टर लावून दोन्ही वायरी अर्थ दाखवतात म्हणून 'वायरिंग शॉर्ट झालंय' असं समजू नका. ती तिची नेहमीची अवस्था आहे.

मोटरला वेगळी अर्थची वायर नसते, म्हणजे अर्थसुद्धा स्विचमधूनच येते. त्यातही बऱ्याच गाड्यांत मागच्या दारांचा करंट ड्रायव्हरच्या दारावरच्या मुख्य स्विचमधून फिरून जातो. त्यामुळे मागची काच बंद पडली तरी दोष पुढच्या दारात असू शकतो. आणि मुलांसाठी असलेलं विंडो लॉकचं बटण चुकून दाबलं गेलंय का, हे सगळ्यात आधी बघा. एवढ्याशा गोष्टीसाठी पॅनल उघडून बसलेली माणसं मी पाहिली आहेत.

मोटर फिरते, तिच्या तोंडाशी असलेला वर्म गिअर वेग कमी करून ताकद वाढवतो, आणि पुढे रेग्युलेटर काच उचलतो. रेग्युलेटर दोन प्रकारचे. एकात पोलादी दोरी पुलीवरून फिरते आणि पट्टीवर सरकणारा तुकडा, म्हणजे घोडा, काचेला घेऊन वर-खाली जातो. दुसऱ्यात कात्रीसारखे दोन लोखंडी हात असतात आणि काचेचं वजन पेलायला जोरकस स्प्रिंग असते. तुमच्या दारात कोणता आहे हे सुटं करण्याआधी माहीत असायलाच हवं. त्याचं कारण पुढे सांगतो, ते बोटांशी संबंधित आहे.

एका स्पर्शात पूर्ण वर जाणारी आणि मध्ये काही आलं की मागे फिरणारी काच असेल, तर बहुतेक वेळा मोटरवरच इलेक्ट्रॉनिक भाग बसवलेला असतो आणि कनेक्टरमध्ये दोनपेक्षा जास्त वायरी दिसतात. अशा मोटरला बॅटरीवरून थेट करंट देऊन बघायचं नाही. चांगला भाग जळेल. तिथे फ्यूज, कनेक्टर आणि काचेचा घट्टपणा इथपर्यंत आपण जाऊ शकतो, त्यापुढे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लागतो.

दार न उघडता काय कळतं

बरंच कळतं, फक्त कान आणि डोळे लावायला हवेत. इंजिन बंद, इग्निशन चालू, आतला दिवा लावलेला. अडकलेल्या काचेचं बटण दाबा आणि दिव्याकडे बघा. दिवा किंचित मंदावला तर करंट मोटरपर्यंत पोचतोय आणि मोटर जोर लावतेय, पण फिरू शकत नाही. म्हणजे काच आवळलेली आहे, रेग्युलेटर अडकलाय किंवा मोटर आतून जॅम आहे. दिवा अजिबात हलला नाही तर करंट कुठेतरी तुटलाय: फ्यूज, रिले (करंटने चालणारा स्विच), बटणाचा स्विच, वायर किंवा मोटरचे कार्बन (फिरत्या भागावर घासून त्याला करंट देणारे तुकडे). आतला दिवा एलईडी असेल तर हा फरक नीट दिसत नाही. तेव्हा हेडलाइट भिंतीवर पाडून बघा.

आता आवाज. मोटर घूं घूं करत मोकळी फिरतेय आणि काच जागची हलत नाही, तर मोटर ठणठणीत आहे. दोरी तुटलीय किंवा काचेला धरणारी प्लास्टिकची क्लिप मोडलीय. करकर, कडकड आवाज येऊन काच झटके खात असेल तर दोरीचे धागे सुटून पुलीत गुंतले असतील नाहीतर रेग्युलेटरचे दात गेले असतील. काच तिरकी होऊन एका कोपऱ्यात रुतत असेल तर घोडा किंवा क्लिप एका बाजूने सुटलीय. या तिन्हींत मोटर बदलून काही होणार नाही.

सगळ्याच काचा एकदम बंद असतील तर मोटरचा विचारसुद्धा करू नका. चार मोटरी एका दिवशी मरत नाहीत. मुख्य फ्यूज, रिले किंवा मुख्य स्विच बघा. एकच काच बंद असेल आणि तिच्या दारावरच्या बटणाने चालते पण ड्रायव्हरकडून चालत नाही, किंवा उलट, तर दोष स्विचचा. दोन मागची बटणं सारखीच असतील तर अदलाबदल करून बघणं ही सगळ्यात सोपी परीक्षा.

थाप मारली की चालते, हे लक्षण मोटरचं म्हणून प्रसिद्ध आहे, आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. कार्बन झिजून आखूड झाले की स्प्रिंग त्यांना कम्युटेटरवर, म्हणजे फिरत्या भागावरच्या तांब्याच्या कड्यावर, नीट दाबू शकत नाही. मोटर नेमकी खराब जागी थांबली की पुढच्या वेळी उचलत नाही. थापेच्या धक्क्याने कार्बन पुन्हा टेकतो आणि गाडं सुरू होतं. पण ढिला कनेक्टरही थापेने जागा पकडतो. म्हणून थापेवर निकाल देऊ नका, तिला साक्षीदार म्हणा.

आणखी एक फसवं लक्षण आहे. मुलं पाच-सहा वेळा काच वर-खाली करतात आणि ती एकदम बंद पडते. काही मिनिटांनी आपोआप चालू होते. मोटरच्या आत तापमानाने उघडणारा संरक्षक भाग असतो, मोटर जळू नये म्हणून तो करंट तोडतो. हे बिघडणं नव्हे. मात्र थंड गाडीत काच एकदा वर नेतानाच तो तुटत असेल, तर मोटरवर कुठला तरी ओझ्याचा प्रकार आहे किंवा ती स्वतः जास्त करंट खातेय.

दाराच्या बिजागरीतली वायर

दार आणि गाडीच्या खांबामध्ये घड्या असलेली रबरी नळी असते, तिच्यातून सगळ्या वायरी दारात जातात. दार हजारो वेळा उघड-बंद झालं की तांब्याची तार वरचं प्लास्टिक शाबूत ठेवून आतून तुटते. बाहेरून पाहून कळत नाही. बटण दाबून धरा आणि दुसऱ्या माणसाला दार अगदी हळू उघडायला, बंद करायला सांगा. एखाद्या कोनात काच चालली आणि पुढे थांबली, तर सापडलं. त्याच दाराचं सेंट्रल लॉक किंवा स्पीकरही अधूनमधून रुसत असेल तर संशय आणखी पक्का.

ही वायर नुसती पिळून वर चिकटपट्टी गुंडाळू नका. जिथे ती वाकते तिथेच जोड दिला तर तो महिन्याभरात पुन्हा तुटेल. नळीच्या दोन्ही बाजूंना, न वाकणाऱ्या भागात, त्याच जाडीचा लवचिक तुकडा जोडा, जोडावर उष्णतेने आवळणारी नळी चढवा. अनेक वायरी असतील तर सगळे जोड एका रेषेत येऊ देऊ नका, नाहीतर तिथे गाठ होते.

मल्टीमीटर जिथे फसवतो

पॅनल काढलं, मोटरचा कनेक्टर सुटा केला, मीटर लावला, बटण दाबलं, १२ व्होल्ट दिसले. म्हणजे करंट येतोय, म्हणजे मोटर गेली. बहुतेक चांगल्या मोटरी याच एका वाक्यामुळे कचऱ्यात जातात. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. वायरीतला एकच केसाएवढा धागा शिल्लक असला, स्विचचा संपर्क काळा पडून जेमतेम टेकत असला, तरी मीटर १२ दाखवणारच. मोटर करंट मागायला लागली की तिथेच व्होल्टेज कोसळतं.

म्हणून कनेक्टर जोडलेला ठेवूनच मोजायचं. मागच्या बाजूने बारीक पिन सरकवून मोटरच्या दोन वायरींमध्ये मीटर लावा आणि बटण दाबून धरा. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.४ ते १२.६ व्होल्ट देते. मोटरपाशी त्यापेक्षा व्होल्टभरापर्यंत कमी असेल तर मी ते चालवून घेतो. पण ९-१० व्होल्ट दिसले तर बहुधा मोटर निर्दोष आहे, तिच्या तोंडचा घास वाटेतच पळवला जातोय. मग मीटरचं एक टोक बॅटरीच्या प्लसला आणि दुसरं मोटरच्या प्लस बाजूला लावून बटण दाबा. जेवढे व्होल्ट दिसतील तेवढे वाटेत हरवतायत. अर्थच्या बाजूनेही तसंच, मीटर बॅटरीच्या मायनसला लावून. दोन मापांत कळतं कुठली बाजू खातेय. बहुतेक वेळा स्विचचे संपर्क असतात.

मीटर नसेल तर साधा बल्ब त्याहून बरा. इंडिकेटरचा २१ वॉटचा बल्ब पावणेदोन अँपिअरच्या आसपास घेतो, हेडलाइटचा ५५ वॉटचा साडेचारच्या पुढे, म्हणजे मोटर चालताना घेते त्याच्या बरंच जवळ. सुट्या कनेक्टरमध्ये हा बल्ब लावून बटण दाबलं आणि तो दोन्ही दिशांना लख्ख पेटला, तर वायरिंग आणि स्विच ठीक. मिणमिणला तर दोष मोटरच्या अलीकडे. एलईडीचा छोटा टेस्टर इथे कामाचा नाही, तो मीटरसारखाच फसवतो.

करंट मोजायचा असेल तर डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर (वायरीभोवती चिमट्यासारखा लावायचा) वापरा. मोकळी काच वर जाताना साधारण एक आकडी अँपिअर असतात, अडकली की १५-२० आणि वरही जातात. साध्या मल्टीमीटरच्या १० अँपिअरच्या भोकातून हे मोजायला जाऊ नका, त्याचा फ्यूज उडेल.

दोन वायरींच्या मोटरला शेवटी २० अँपिअरचा फ्यूज घातलेल्या वायरीने थेट बॅटरीवरून क्षणभर करंट देऊन बघता येतो. थेट देऊनही उचलत नाही, थापेने उचलते, तर आता मोटर दोषी म्हणायला हरकत नाही.

काच हाताने सरकवून बघा

ही परीक्षा मी पहिल्या वेळी केली नव्हती. रेग्युलेटरपासून काच सुटी करा आणि दोन्ही हातांनी तिला खोबणीत वर-खाली सरकवा. सगळीकडे सारख्याच, बेताच्या जोराने सरकायला हवी. माझी काच वरच्या बोटभर भागात इतकी आवळत होती की मला दार धरून ती ओढावी लागली. बाजूच्या खोबणीतलं रबर धुळीने भरून कडक झालं होतं. दर वेळी मोटर तिथे दुप्पट जोर लावत होती, तापत होती. खाली जाताना काच व्यवस्थित आणि वर येताना रेंगाळते, तर आधी हाच संशय घ्या.

ओल्या कपड्याने खोबण पुसा, पातळ पट्टीला कापड गुंडाळून आतपर्यंत जा, सुकू द्या आणि मग सिलिकॉन स्प्रे मारा. इंजिन ऑइल किंवा ग्रीस नको. खनिज तेलाने रबर फुगतं आणि त्यावर बसलेली धूळ सँडपेपरचं काम करते. रबर फाटलं असेल किंवा खोबणीतून बाहेर आलं असेल तर तेच बदला. कित्येकांची 'खराब मोटर' इथेच बरी होते.

आता मोटर बदलूया

नवी मोटर आणताना जुनी समोर ठेवा. डावी-उजवी वेगळी असते, आरशातल्या प्रतिमेसारखी. कनेक्टरच्या पिना, स्क्रूच्या भोकांची जागा आणि गिअरचे दात मोजून जुळवा. दोरीचे धागे सुटलेले दिसले तर नुसती मोटर घालू नका, रेग्युलेटरसकट पूर्ण संच घ्या. तेच दार तीन महिन्यांनी पुन्हा उघडायची वेळ येऊ नये.

काच शक्य तितकी वर आणा. बॅटरीची मायनस काढा आणि काही मिनिटं थांबा, कारण काही गाड्यांच्या दारात एअरबॅगसाठीचा सेन्सर असतो. त्याआधी म्युझिक सिस्टमचा कोड लागतो का ते बघा आणि चावी खिशात ठेवा. पॅनलचे स्क्रू लपलेले असतात: हँडलच्या वाटीत झाकणाखाली, दार ओढायच्या कप्प्यात, आरशामागच्या तिकोनी तुकड्याखाली. सगळे निघाल्याची खात्री झाल्यावरच खालच्या कोपऱ्यापासून क्लिपा सोडवत या. त्यासाठी प्लास्टिकची पट्टी वापरा, स्क्रू ड्रायव्हरने पत्र्यावर ओरखडे येतात. पॅनल सुटलं की एकदम ओढू नका, मागे स्विचचे कनेक्टर आणि हँडलची केबल अडकलेली असते.

त्यामागचा प्लास्टिकचा पडदा हा कचरा नाही. तो काचेवरून दारात उतरणारं पाणी गाडीच्या आत येऊ देत नाही. काळ्या चिकट पट्टीवरून सावकाश सोडवा, फाडू नका.

काच वर नेऊन रुंद चिकटपट्टीने दाराच्या चौकटीवरून दोन्ही बाजूंनी बांधा, तीन-चार पट्ट्या लावा. मग काच धरणारे बोल्ट आणि रेग्युलेटरचे नट काढा, बहुतेक ठिकाणी १० नंबरचा सॉकेट लागतो. काही दारांत नटाऐवजी रिव्हेट असतात, ती ड्रिलने काढावी लागतात आणि परत त्याच मापाची किंवा लॉकनटसह बोल्ट बसवावे लागतात.

आता बोटांचं. कात्रीसारखा रेग्युलेटर असेल तर मोटरच त्या ताणलेल्या स्प्रिंगला अडवून धरत असते. मोटरचे तीन स्क्रू काढले की तो लोखंडी हात क्षणात फिरतो आणि मध्ये आलेलं बोट मोडू शकतो. मोटर काढण्याआधी रेग्युलेटरचा दाते असलेला पंख्याच्या आकाराचा भाग आणि मागची पाटी एकत्र धरून क्लॅम्पने किंवा आरपार बोल्टने पक्की करा. हे केल्याशिवाय पुढचा स्क्रू फिरवू नका. दोरीच्या प्रकारात इजा व्हायची भीती कमी, पण मोटर निघाली की दोरी गुंडाळलेला ड्रम जागेवरून उठतो आणि सगळी दोरी सुटते. ती परत तशीच गुंडाळणं फार जिकिरीचं. ड्रम दाबून, बांधून ठेवा, आणि काढण्याआधी फोटो काढा.

मोटर निघाली की दाराच्या तळाशी टॉर्च मारून बघा. कडेची भोकं तारेने मोकळी करा, गाळ काढा. नवी मोटर बसवताना कनेक्टरकडे जाणारी वायर आधी थोडी खाली लोंबून मग वर जाईल अशी ठेवा, म्हणजे पाणी वायरीवरून कनेक्टरमध्ये न शिरता खाली टपकेल.

बोल्ट आधी सैल ठेवा. बॅटरी जोडण्यापूर्वी दारातल्या सेन्सरचा कनेक्टर लावलेला असू द्या, नाहीतर एअरबॅगचा दिवा पेटून बसेल. स्विच जोडून काच पूर्ण वर न्या, ती चौकटीत सरळ बसू द्या, आणि त्या स्थितीत बोल्ट आवळा. खाली असताना आवळले तर काच तिरकी राहते आणि नवी मोटर पहिल्या दिवसापासून जास्त ताकद लावते.

एका स्पर्शात चालणाऱ्या काचेला तिची वरची हद्द पुन्हा शिकवावी लागते. बऱ्याच गाड्यांत काच पूर्ण खाली नेऊन बटण थोडा वेळ दाबून धरायचं आणि मग पूर्ण वर नेऊन काही सेकंद धरून ठेवायचं असतं. नेमकी पद्धत गाडीच्या पुस्तिकेत असते. हे होईपर्यंत मध्ये काही आलं तर काच मागे फिरेल असं गृहीत धरू नका, आणि मुलांना त्या दारापाशी बसवू नका. शिकवून झाल्यावर कापडाची जाड गुंडाळी मध्ये धरून तपासा, हात कधीच नाही.

पडदा लावल्यावर, पॅनल चढवण्याआधी, बंद काचेवर बाहेरून तांब्याभर पाणी सावकाश ओता. ते दाराच्या तळातून बाहेर पडलं पाहिजे आणि पडद्याची आतली बाजू कोरडी राहिली पाहिजे. कुठे ओल दिसली तर तिथली चिकट पट्टी अंगठ्याने पुन्हा दाबा. माझ्या दारात खालच्या कोपऱ्यात ओल आली होती. पट्टी दाबून पुन्हा पाणी ओतलं, कोरडं निघालं, मगच क्लिपा बसवल्या.